फाउंडेशनचे अठरा लाख आणि आपला विसावा हिस्सा

१४ नोव्हेंबर १९३२. तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघालेले बाबासाहेब 'व्हिक्टोरिया' बोटीवर होते. पुणे करारावर सह्या होऊन दोन महिनेही उलटले नव्हते. त्या बोटीवरून त्यांनी ठक्कर बाप्पांना एक सविस्तर पत्र लिहिले. ठक्कर तेव्हा नुकत्याच निघालेल्या अस्पृश्यता निवारण संघाचे सरचिटणीस होते आणि अध्यक्ष होते घनश्यामदास बिर्ला. हीच संस्था पुढे हरिजन सेवक संघ या नावाने ओळखली गेली. पत्राचा विषय साधा होता : अस्पृश्यांसाठी जमा झालेला पैसा नेमका कशावर खर्च करायचा?

बाबासाहेबांनी दोन वाटा मांडल्या. माणूस खाली पडला आहे तो त्याच्या स्वतःच्या दोषामुळे, असे मानणारी पहिली वाट. मग त्याला दारू सोडायला सांगा, व्यायामशाळा काढा, वाचनालय काढा, शाळा काढा, म्हणजे तो सुधारेल. दुसरी वाट मानते की माणूस खाली आहे तो त्याच्या भोवतालच्या परिस्थितीमुळे, आणि त्यामुळे आधी परिस्थिती बदलली पाहिजे. बाबासाहेबांचे म्हणणे असे की संघाने आपली सगळी शक्ती दुसऱ्या वाटेवर लावावी. विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क, गावच्या शाळेत बसण्याचा हक्क, चावडीवर जाण्याचा हक्क यासाठी गावोगाव मोहीम उघडावी. या मोहिमेत डोकी फुटतील, खटले होतील, पोलीस आणि मॅजिस्ट्रेट समोरच्याच बाजूचे असतील, हेही त्यांनी लपवले नाही. महाडचा अनुभव पाठीशी होता. आणि काम करणारी माणसे शक्यतो अस्पृश्यांमधूनच घ्यावीत, कारण ज्यांचे त्या माणसांवर प्रेम आहे तेच हे काम तडीस नेतील, असेही त्यांनी लिहिले.

त्या पत्राची साधी पोचही आली नाही.

पुढे अस्पृश्यांच्या एका शिष्टमंडळाने गांधीजींना विचारले, संघाच्या कारभारात आम्हाला जागा का नाही? उत्तराचा आशय असा होता की हे काम म्हणजे हिंदूंनी केलेले प्रायश्चित्त आहे, पैसाही हिंदूंनीच दिला आहे, तेव्हा कारभारही त्यांनीच चालवायचा. बाबासाहेबांनी हा सगळा व्यवहार १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात उघडा केला. संघाच्या दानधर्माला त्यांनी दयेने मारण्याची योजना म्हटले. आपल्यापैकी पुष्कळांनी हा ग्रंथ पुणे करारासाठी वाचला असेल. आमची विनंती आहे की एकदा तो देणगीच्या अंगानेही वाचावा, कारण जो पेच १९३२ साली बिर्लांच्या पैशाने उभा केला, तोच पेच आज आमच्या तालुक्यातील एका पत्र्याच्या अभ्यासिकेत येऊन बसला आहे.

आमची अभ्यासिका बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर आहे. बेचाळीस जागा. पहाटे पाचला उघडते, रात्री अकराला बंद होते. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, नर्सिंग अशी सगळी तयारी करणारी मुले-मुली येतात. महिन्याची वर्गणी शंभर रुपये, आणि ज्याच्याकडे नाही त्याला कोणी मागत नाही. याच अभ्यासिकेतून आम्ही दुसरेही एक काम करतो. तालुक्यात ॲट्रॉसिटीचा गुन्हा घडला की फिर्यादीसोबत पोलीस ठाण्यात जायचे, एफआयआरमध्ये कलमे नीट लागली का ते पाहायचे, आणि खटला उभा राहिला की साक्षीदारांना जिल्ह्याच्या न्यायालयात तारखेला घेऊन जायचे. ज्याने हे काम केले आहे त्याला ठाऊक आहे की खटले बहुतेक वेळा वकिलाच्या हुशारीवर हरत नाहीत. मजुरी बुडते, एसटीचे भाडे परवडत नाही, तारखेवर तारीख पडते, तोवर साक्षीदाराला गावात समजावले जाते, आणि तो फितूर होतो. १९९५ च्या नियमांत, नियम ११ मध्ये, पीडित आणि साक्षीदारांना प्रवासखर्च आणि भत्ता लगेच किंवा फार तर तीन दिवसांत द्यावा असे लिहिलेले आहे. आमच्या अनुभवात तो अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि पैसे आलेच तर साक्ष होऊन गेल्यावर येतात. मधल्या काळात भाडे आम्ही देतो.

अशा वेळी एका मोठ्या उद्योगपती घराण्याच्या फाउंडेशनची माणसे आली. घराण्याचे नाव आम्ही लिहीत नाही. तीन वर्षांत अठरा लाख रुपये द्यायची त्यांची तयारी होती. आलेली ताई सभ्य होती, अभ्यासू होती, खाली सतरंजीवर बसून तिने मुलींशी तासभर बोलणे केले. हे मुद्दाम लिहितो, कारण माणूस वाईट होता म्हणून आमचा आक्षेप आहे असे कोणी समजू नये.

आम्ही प्रस्ताव लिहिला. त्यात तीन गोष्टी होत्या : संगणक, पुस्तके आणि टेबल-खुर्च्या, मुलींसाठी स्वतंत्र संडास, आणि साक्षीदारांचा प्रवासखर्च व वकिलाचे मानधन. पहिल्या दोन गोष्टी मंजूर. तिसरी 'आमच्या विषयांत बसत नाही' म्हणून कापली गेली. शिवाय प्रस्तावात जिथे जिथे आम्ही 'अनुसूचित जाती' आणि 'बौद्ध' लिहिले होते तिथे तिथे 'वंचित घटक' लिहावे, अशी सूचना आली. कारण विचारले तर उत्तर असे की विश्वस्तांना जातीचा उल्लेख थोडा टोकाचा वाटतो. विश्वस्त कोण? आई, वडील, मुलगा, सून आणि घराण्याचे जुने हिशेबनीस.

आता पाहा. वाचनालय चालेल, संडास चालेल, संगणक चालेल. न्यायालयात उभे राहणे चालणार नाही. बोटीवरून लिहिलेल्या पत्रातली पहिली वाट मंजूर आणि दुसरी नामंजूर! नव्वद वर्षांत भाषा बदलली, 'हरिजन' जाऊन 'वंचित' आले, पण कात्री त्याच जागी लागते.

आमच्या बैठकीत यावर दोन रात्री वाद झाला. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले आमचे काका म्हणाले, एक पैसा घ्यायचा नाही, भाकरीसाठी स्वाभिमान विकणारी ही जमात नव्हे. टाळ्या पडल्या. मग पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी उठली. ती म्हणाली, "काका, तुम्ही बोलता ते खरं आहे. पण आम्ही मुली संध्याकाळी सहानंतर इथे पाणी पीत नाही. जायला जागा नाही म्हणून. तुमचा स्वाभिमान आणि आमचा स्वाभिमान वेगळा आहे का?" बराच वेळ कोणी बोलले नाही. आम्हाला तेव्हाही वाटले आणि आताही वाटते, की या प्रश्नाचे उत्तर न देता देणगीवर लेख लिहिणारा माणूस चळवळीच्या उपयोगाचा नाही.

मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला. हा पैसा खरोखर त्यांचाच आहे का? कौटुंबिक फाउंडेशन म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. एक घराणे आपल्या संपत्तीचा किंवा शेअर्सचा काही भाग ट्रस्टमध्ये ठेवते. ट्रस्टची नोंदणी झाली की अटी पाळून त्याच्या उत्पन्नाला करमाफी मिळते. बाहेरून जो देणगी देतो त्याला ८०जी खाली करात सवलत मिळते, बहुतेक वेळा देणगीच्या निम्म्या रकमेवर. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक आहे, आणि कित्येक घराणी हा पैसा आपल्याच फाउंडेशनमधून वाटतात. म्हणजे जो पैसा 'दान' म्हणून आपल्या दारात येतो त्यात एक हिस्सा कायद्याने द्यावाच लागणारा असतो, आणि एक हिस्सा असा असतो की जो कर म्हणून तिजोरीत गेला असता तर आपल्या आमदाराला त्यावर प्रश्न विचारता आला असता. फाउंडेशनच्या विश्वस्तांना प्रश्न विचारायला विधानसभा नसते. कारखान्यात घाम गाळणाऱ्यांत आपली माणसे किती, हे तर वेगळेच. तेव्हा मान खाली घालून घेण्यासारखे यात काही नाही. पण म्हणून अटी न पाहता घेण्यासारखेही नाही.

सगळीच देणगी ही भुलवणी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. इतिहास तसे सांगत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या निग्रो अर्जाची प्रत मागवली होती, आणि पँथरचे नावच आपण तिकडून घेतले. पण त्या समाजाच्या शाळा कोणाच्या पैशाने उभ्या राहिल्या, हे आपल्यात फारसे कोणी वाचत नाही. ते वाचण्यासारखे आहे.

शिकागोचे ज्युलियस रोझेनवाल्ड हे सीअर्स, रोबक या टपालाने माल विकणाऱ्या प्रचंड कंपनीचे अध्यक्ष. जर्मनीतून आलेल्या ज्यू कुटुंबातले. १९१२ साली त्यांनी पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी संस्थेला पैसे दिले. त्यातून उरलेल्या रकमेत वॉशिंग्टन यांनी अलाबामातल्या खेड्यांत सहा छोट्या शाळा बांधायची परवानगी मागितली. पहिली शाळा १९१३ साली उभी राहिली. त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले होते. १९१७ मध्ये रोझेनवाल्ड फंड स्थापन झाला आणि १९३२ पर्यंत दक्षिणेतल्या १५ राज्यांत ४,९७७ शाळा बांधल्या गेल्या. शिक्षकांची घरे आणि कार्यशाळा धरल्या तर ५,३०० हून अधिक इमारती. दक्षिणेच्या ग्रामीण भागातील कृष्णवर्णीय मुलांपैकी जवळपास तिसरा हिस्सा या शाळांत शिकत होता.

आता खर्चाची विभागणी पाहा, कारण खरी गोष्ट इथे आहे. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यात रोझेनवाल्ड फंडाचा वाटा १५ टक्के. गोऱ्या दात्यांचा ४ टक्के. सरकारी करातून ६४ टक्के. आणि ज्या कृष्णवर्णीय शेतमजुरांना आपण 'लाभार्थी' म्हणू, त्यांचा वाटा १७ टक्के, म्हणजे शिकागोच्या कोट्यधीशापेक्षा जास्त! ही माणसे वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणारी. त्यांनी शेताचा एक तुकडा शाळेच्या नावाने राखून ठेवला आणि त्यावरचा कापूस शाळेला दिला. बायकांनी डबे शिजवून त्यांचे लिलाव केले. कोणी जमीन दिली, कोणी लाकूड कापले. अलाबामातल्या एका सभेत गुलामगिरीचे दिवस पाहिलेल्या म्हाताऱ्याने आपली आयुष्यभराची कमाई टेबलावर ओतली. ३८ डॉलर होते. रोझेनवाल्ड यांनी शाळांना आपले नाव द्या असा आग्रह धरला नव्हता, तरी लोक त्यांना 'रोझेनवाल्ड शाळा' म्हणू लागले. पाटीवर नाव पंधरा टक्क्यांचे लागले, सतरा टक्क्यांचे नाही. जगभर हीच रीत दिसते.

पण त्या पंधरा टक्क्यांनी एक मोठे काम केले. फंडाची अट होती की समाजाने आपला हिस्सा घालावा आणि शाळा सरकारी शिक्षणव्यवस्थेचा भाग व्हावी. ज्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी काळ्या मुलांवर एक डॉलर खर्च करायचे टाळले असते, त्यांना या अटीने खिशात हात घालायला लावला. चौसष्ट टक्के तिथून आले. देणगीने सरकारची जागा घेतली नाही, सरकारला त्याच्या जागेवर आणून उभे केले. आपल्याकडच्या फाउंडेशनांना हे एक जरी समजले तरी पुष्कळ झाले.

याची काळी बाजूही आहे. कृष्णवर्णीयांनी कर भरलाच होता. गोऱ्या मुलांची शाळा त्या करातून फुकट बांधली जात होती आणि यांना मात्र स्वतःच्या शाळेसाठी कर भरून वर पुन्हा वर्गणी द्यावी लागत होती. दोनदा पैसे, आणि तरी शाळा वेगळी ती वेगळीच. वर्णभेदाच्या भिंतीला फंडाने शाळा बांधताना हात लावला नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर वेगळी विहीर पक्की बांधून दिली.

मग ती भिंत पडली कशी? इथे त्याच फंडाचा दुसरा पैसा येतो, आणि तो आम्हाला शाळांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. फंडाने कृष्णवर्णीय लेखक, संशोधक, कलावंतांना शिष्यवृत्त्या दिल्या. माणूस निवडला, काम त्याच्यावर सोडले. ड्यू बॉइस, लँगस्टन ह्यूज, राल्फ बंच, जेम्स बाल्डविन अशी नावे त्या यादीत आहेत. त्याच यादीत केनेथ आणि मेमी क्लार्क हे जोडपे आहे. काळ्या मुलांसमोर काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवून त्यांनी प्रयोग केले, आणि वेगळ्या शाळेत शिकणारे लेकरू स्वतःच्याच रंगाला कसे कमी लेखू लागते ते दाखवून दिले. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या संशोधनाचा उल्लेख आहे. फंड तोवर राहिलाही नव्हता. रोझेनवाल्ड यांनी लिहून ठेवले होते की आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांच्या आत सगळा पैसा खर्च करून फंड बंद करावा. ते १९३२ मध्ये वारले, फंड १९४८ मध्ये बंद झाला. पिढ्यान् पिढ्या गादी चालवणाऱ्या आपल्या ट्रस्टांनी याचा विचार करावा.

न्यायालयीन लढ्यालाच कोणी पैसे दिले नाहीत का? दिले. चार्ल्स गारलंड नावाच्या तरुणाने वडिलोपार्जित संपत्ती नाकारली आणि मग ती एका फंडात घातली. १९२२ साली हा गारलंड फंड सुरू झाला. कृष्णवर्णीयांची मोठी संघटना एनएएसीपी तेव्हा झुंडीने ठार मारण्याच्या प्रकारांविरुद्ध लढत होती. जमाव जमवायचा, माणसाला झाडाला लटकवायचे आणि फोटो काढायचे, असे ते दिवस. १९३० मध्ये फंडाने कायदेशीर लढ्यासाठी एक लाख डॉलर कबूल केले. आर्थिक मंदीमुळे प्रत्यक्षात त्यातला थोडाच हिस्सा मिळाला, पण त्या पैशासोबत जोर शिक्षणाच्या खटल्यांकडे वळला. मेगन मिंग फ्रान्सिस या अभ्यासिकेने दाखवले आहे की जीव वाचवण्याचा लढा संघटनेच्या अग्रक्रमातून मागे सरकला, आणि यात दात्याच्या पसंतीचा हात होता. तिने याला चळवळीवर ताबा घेणे म्हटले आहे. लक्षात घ्या, हे दाते डावे होते, भले होते, आणि त्या पैशाने सुरू झालेला रस्ता १९५४ च्या निकालापर्यंत पोचला. तरीही आधी काय लढायचे हे मार खाणाऱ्याने ठरवले नाही. आमच्या प्रस्तावातली तिसरी बाब कापली गेली तेव्हा आम्हाला ही गोष्ट आठवली.

आपल्याकडेही उदाहरण दूर शोधायला नको. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तीन वर्षे. परतल्यावर बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. या उपकाराची किंमत कमी करणारा कृतघ्न म्हणावा लागेल. पण १९१७ मध्ये तोच पदवीधर बडोद्याला गेला तेव्हा त्याला राहायला खोली मिळाली नाही. पारशी खाणावळीतून लाठ्या घेतलेल्या लोकांनी हुसकून लावले. कोलंबियाची पदवी शिष्यवृत्तीने दिली, बडोद्यातली खोली ती देऊ शकली नाही. पहिली वाट आणि दुसरी वाट यांतला फरक बाबासाहेबांनी बोटीवर बसून शोधला नव्हता, तो त्यांनी बडोद्याच्या रस्त्यावर भोगला होता. शाहू महाराजांनी 'मूकनायक'साठी अडीच हजार रुपये दिले. ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या अंकापासून ते पाक्षिक कोणाची भाषा बोलले? मुक्यांची. देणारा राजा होता, पण लेखणी मागत नव्हता. अशी देणगी आजही मिळाली तर आम्ही डोक्यावर घेऊ.

आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी काय केले? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी सरकारच्या अंदाजपत्रकात वर्षाला तीन लाखांची तरतूद करून घेतली. दरबाराच्या मर्जीवर एक भीमराव शिकला, त्याने पुढच्यांसाठी मर्जीचे कामच ठेवले नाही. आज जीओआय शिष्यवृत्ती वर्ष वर्ष रखडते तेव्हा फाउंडेशनच्या मदतीने ती उणीव भरून निघाली म्हणून आनंद मानणारे आपलेच काही मित्र भेटतात. अहो, ती उणीव नाही, ती थकबाकी आहे.

राहिला प्रश्न आपल्या स्वतःच्या खिशाचा. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितले. बैठकीत आम्ही हिशेब मांडला. या अभ्यासिकेत बसून नोकरीला लागलेले एकतीस जण आहेत. शिक्षक, पोलीस, तलाठी, परिचारिका, बँकेतले दोघे. सरासरी पगार चाळीस हजार धरू, तो जास्तच असेल. विसावा हिस्सा म्हणजे दोन हजार. एकतिसांचे महिन्याला बासष्ट हजार. वर्षाचे सात लाख चव्वेचाळीस हजार. फाउंडेशन वर्षाला देणार सहा लाख! वही उघडली तर नियमित देणारे अकरा, आणि तेही पाचशे-पाचशे. बाकीचे चौदा एप्रिलला डीजेसाठी सढळ हाताने देतात, वास्तुशांतीला जेवणावळ घालतात आणि चळवळ संपली म्हणून व्हॉट्सॲपवर हळहळतात. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत व्यक्त केली, ती स्टेटसला ठेवणारेही यातच आहेत.

मात्र एक सावधगिरी. विसावा हिस्सा हा सरकारची थकबाकी माफ करण्यासाठी नाही. अलाबामातल्या शेतमजुरांप्रमाणे दोनदा पैसे भरण्याची सवय आपण लावून घेऊ नये. म्हणून संडास आणि संगणक आपल्या वर्गणीतून करायचे नाहीत, ते नगरपालिकेच्या निधीतून मिळवायचे, आणि तोवर फाउंडेशनकडून घ्यायला आमची हरकत नाही. आपला पैसा लागेल तो अशा ठिकाणी जिथे दुसरा कोणीच देणार नाही : साक्षीदाराची एसटी, बुडालेली मजुरी, वकिलाचे टायपिंग, आणि नियम ११ चा पैसा का मिळाला नाही याची माहिती अधिकारातली विचारणा.

फाउंडेशनला आम्ही पत्र पाठवले आहे. मुलींचा संडास आणि संगणक स्वीकारू. 'अनुसूचित जाती' हा शब्द संविधानातला आहे, तो प्रस्तावात राहील. भिंतीवर फलक लावायचा असेल तर त्यावर फाउंडेशनची रक्कम आणि लोकवर्गणीची रक्कम शेजारी शेजारी, एकाच आकाराच्या अक्षरांत लिहिली जाईल. खर्चाची समिती पाच जणांची असेल, त्यात तीन आमचे आणि तिघांत किमान दोन मुली. तिसरी बाब आम्ही परत मागितलेली नाही. ती आता आमच्या वहीत आहे, आणि त्यावर कोणाची कात्री चालणार नाही. त्याऐवजी एक विनंती केली आहे : नगरपालिकेने अनुसूचित जातींसाठी राखून ठेवलेल्या निधीतून अभ्यासिकेला काय देणे लागते, याचे लेखी पत्र फाउंडेशनने आमच्यासोबत नगरपालिकेला द्यावे. रोझेनवाल्डच्या पंधरा टक्क्यांनी जे केले त्यातले थोडे तरी होऊ दे.

काकांना यातले सगळे पटलेले नाही. त्यांनी सही केली, पण संडासाच्या बाबीपुरती, आणि तसे त्यांनी सहीखाली लिहूनही ठेवले. त्या मुलीने समितीत नाव दिले आहे.

उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या महिन्यात सत्र न्यायालयात दोन तारखा आहेत, सात साक्षीदार, प्रत्येकाचा जाण्यायेण्याचा खर्च आणि दिवसाची मजुरी. एकतिसांपैकी वीस जणांना आम्ही हा लेख पाठवत आहोत. वही रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात उघडी असते.

जय भीम.